कित्तूरची राणी चन्नम्मा

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेची सहल अनमोडचा घाट चढून कित्तूरला गेली होती. किल्ल्यातील पडका राजवाडा पाहून झाल्यावर आम्ही तेथील वस्तुसंग्रहालयात शिरलो. वीरगळ, भग्न मूर्ती, शिलालेखांचे दगड, कोरीव लाकडी दारे, तलवारी, चिलखते अशा नाना वस्तूंच्या मधून मुले रांगेने पुढे सरकत होती. इतक्यात नववीतील एक मुलगा तलवारींपाशी थबकला व यांतली राणीची तलवार कोणती, असे त्याने मला विचारले. मी जवळ जाऊन पाहिले; परंतु राणीच्या हातची म्हणून खात्रीने बोट दाखवावे अशी एकही तलवार मला दिसेना. मग त्याने राणीच्या चित्राकडे बोट केले आणि राणी खरोखरच अशी दिसत होती काय, असे विचारले. तेही मला सांगता आले नाही. चौकाचौकांत दिसणारे तिचे पुतळे व भिंतींवरची चित्रे ही पुढील काळच्या कलावंतांनी आपल्या मनाने घडविलेली आहेत. इतिहास शिकविणाऱ्या बाईला दोन साध्या प्रश्नांची उत्तरे देता येऊ नयेत, याची त्या दिवशी मला फार लाज वाटली. घरी आल्यावर जे वाचले, ते या अंकाच्या निमित्ताने विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहे.

चन्नम्मा हे नाव कानडी आहे. चेन्न म्हणजे सुंदर आणि अम्मा म्हणजे आई. तिचा जन्म १७७८ साली बेळगावजवळच्या काकती या गावी देसायांच्या घराण्यात झाला. तिचे वडील धूळप्पा देसाई. मुलीला घोड्यावर बसणे, तलवार चालविणे व तिरंदाजी या विद्या लहानपणीच शिकविल्या गेल्या, असे सर्व चरित्रांत सांगितलेले असते. कित्तूरचे मल्लसर्ज देसाई वाघाच्या शिकारीस आले असता त्यांची व चन्नम्मेची भेट झाली, अशी एक रम्य कथाही आहे. ती खरी असो वा नसो, मल्लसर्जांशी तिचा विवाह झाला आणि थोरली राणी रुद्रम्मा हिच्या पाठोपाठ ती कित्तूरच्या वाड्यात आली, एवढे निश्चित.

कित्तूर आज बेळगाव व धारवाड यांच्या मधल्या हमरस्त्यावरचे एक लहानसे गाव आहे. बेळगावहून ते सुमारे ५० किलोमीटरांवर पडते. १५८५ च्या सुमारास विजापूरच्या सैन्याबरोबर सागर प्रांतातून आलेल्या दोन लिंगायत भावांनी या घराण्याचा पाया घातला. आधी संपगावास असलेले ठाणे १७व्या शतकात कित्तूरला आले आणि किल्ला उभा राहिला. मोठ्या सत्तांच्या मध्ये सापडलेल्या लहान संस्थानाची जी अवस्था होते, तीच कित्तूरची झाली. १७८५ साली टिपू सुलतानाने ते घेतले व मल्लसर्जांना कैदेत टाकले. तेथून ते निसटले. पुढे पेशव्यांशी जमवून घ्यावे लागले. १८०९ साली दुसऱ्या बाजीरावास वर्षाला सुमारे पावणेदोन लाख रुपये देण्याचे ठरवून मल्लसर्जांनी आपला मुलूख राखला व प्रतापराव हा किताब मिळविला. एवढे देऊनही बाजीरावाने त्यांना पुण्यास अडकवून ठेवले. सुटका झाली तेव्हा प्रकृती पार ढासळली होती आणि १८१६ साली त्यांचा अंत झाला. आपण मराठी वाचक पेशवाईच्या अखेरीची हळहळ करतो, तेव्हा कित्तूरच्या वाड्यातून ती अखेर कशी दिसली असेल, हेही मनात आणावे.

मल्लसर्जांच्या मागून त्यांचे चिरंजीव शिवलिंगरुद्रसर्ज गादीवर आले. १८१८ साली इंग्रजांनी बेळगावच्या किल्ल्यास वेढा घातला, त्या वेळी कित्तूरकरांनी बाजीरावाविरुद्ध इंग्रजांना मदत केली. बापाला कैदेत ठेवणाऱ्या सत्तेविषयी त्यांना ममता का वाटावी? इंग्रजांनीही त्यांची देसगत कायम केली. अशा रीतीने कित्तूर कंपनीचे मित्र झाले. या मैत्रीस पुरती ७ वर्षेही लाभली नाहीत.

शिवलिंगरुद्रसर्ज प्रकृतीने दुबळे होते व त्यांना अपत्य नव्हते. सप्टेंबर १८२४ मध्ये ते वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी मास्तमर्डीच्या पाटील घराण्यातील शिवलिंगप्पा नावाचे मूल दत्तक घेतले होते, असे धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे यास कळविण्यात आले. थॅकरे हा पुढे प्रसिद्धीस आलेल्या इंग्रज कादंबरीकार थॅकरेचा चुलता. पत्रावरची सही देसायांची नव्हे, असा त्याने संशय घेतला, दत्तक नामंजूर केले आणि खजिन्यावर आपले मोहोर व पहारे बसविले. मल्लप्पा शेट्टी व व्यंकटराव या दोघांना त्याने कारभारावर नेमले. या दोघांची नावे कित्तूरच्या लोकगीतांत आजही शिव्यांसारखी येतात.

येथे विद्यार्थ्यांनी थोडे थांबून विचार करावा. दत्तकास सरकारची मंजुरी घेणे व त्यासाठी नजराणा भरणे, ही रीत पेशवाईतही होती. तेव्हा मंजुरी मागितली, एवढ्यावरून कंपनीने काही नवे केले असे म्हणता येत नाही. नवे होते ते पुढचे पाऊल. पेशवे नजराणा घेऊन बहुधा दत्तकास मान्यता देत. येथे मान्यता नाकारून संस्थानच गिळण्याचा बेत होता. दत्तके नामंजूर करण्याचे हे धोरण आपण लॉर्ड डलहौसीच्या नावाने पाठ करतो. साताऱ्याचे राज्य १८४८ साली व झाशीचे १८५४ साली त्यापायी गेले. कित्तूरची कथा त्यापूर्वी पाव शतकाची आहे. मी कित्येक वर्षे वर्गात कित्तूरच्या राणीला कानडी मुलखातील झाशीची राणी म्हणत आले. झाशीच्या राणीचा जन्मही झाला नव्हता तेव्हा चन्नम्मा लढली, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. उलटपक्षी, इंग्रजांशी लढणारी ती पहिलीच राणी असे जे सर्रास लिहिले जाते, तेही बरोबर नाही. तमिळ मुलखातील शिवगंगेची वेलू नाच्चियार हिने १७८० सालीच आपले राज्य परत मिळविले होते.

त्या वेळी चन्नम्मेचे वय ४६ वर्षांचे होते. पती गेला, गादीवरचा मुलगा गेला, आणि दारात कंपनीचे शिपाई उभे. तिने मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या सरकारकडे व दख्खनचा कमिशनर चॅप्लिन याच्याकडे दाद मागितली. ती सरळ तलवार उपसून उठली नाही. कागद, अर्ज व वकील हे सारे मार्ग तिने आधी चोखाळले. चित्रपटांत हा भाग लवकर उरकतात, कारण अर्ज लिहिण्यात नाट्य नसते. मला मात्र तो फार महत्त्वाचा वाटतो. तिकडून उत्तर अनुकूल येईना आणि इकडे थॅकरे कित्तूरला तळ देऊन बसला.

२३ ऑक्टोबर १८२४ रोजी सकाळी किल्ल्याचे दरवाजे बंद होते. थॅकरेने ते उघडण्यास ठरावीक मुदत दिली व दरवाजा उडविण्यासाठी तोफा पुढे आणविल्या. मुदत संपता संपता दरवाजा आतून उघडला आणि कित्तूरची फौज लोंढ्यासारखी बाहेर आली. कंपनीची तुकडी त्या धक्क्यापुढे टिकली नाही. अमटूरच्या बाळप्पाच्या गोळीने थॅकरे ठार झाला. त्याच्याबरोबरचे काही लष्करी अधिकारीही पडले. थॅकरेचे दोन मुलकी सहायक, इलियट व स्टीव्हन्सन, कैद होऊन किल्ल्यात आले.

या विजयाचा उत्सव कित्तूरला दरवर्षी ऑक्टोबरात होतो व तो व्हावाच. परंतु मला विचाराल तर राणीची खरी कसोटी या दिवसानंतर सुरू झाली. कंपनीचा एक कलेक्टर मारला गेला होता. ब्रह्मदेशात कंपनीचे युद्ध चालू होते आणि पुढच्याच महिन्यात, २ नोव्हेंबर रोजी, कलकत्त्याजवळ बराकपूरच्या छावणीत हिंदी शिपायांवर कंपनीने तोफा डागल्या. अशा वेळी एका लहान संस्थानाने केलेला पराभव मुकाट्याने गिळणे कंपनीला परवडणारे नव्हते. मद्रास व मुंबई या दोन्ही इलाख्यांतून फौजा कित्तूरकडे निघाल्या. राणीच्या हाती होते काय? एक लहान किल्ला, काही हजार माणसे आणि दोन कैदी.

त्या कैद्यांना तिने मारले नाही, छळले नाही. सुमारे ४० दिवस ते कित्तूरात सुखरूप राहिले. त्यांना ओलीस धरून ती आणखी काही दिवस ओढू शकली असती. चॅप्लिनने कैदी सोडण्याची अट घातली आणि डिसेंबरच्या आरंभी तिने त्यांना सोडून दिले. कैदी गेले, पण फौजा परत फिरल्या नाहीत. किल्ल्यावर तोफांचा मारा सुरू झाला. सोलापूरचा सब-कलेक्टर मन्रो या लढाईत पडला. मद्रासचे गव्हर्नर सर थॉमस मन्रो यांच्या तो नात्यातला होता. फितुरांनी किल्ल्यातील तोफांच्या दारूत शेण मिसळून ठेवले होते, असे लोकगीते सांगतात. दारू खरोखर नासविली होती की नव्हती, ते सिद्ध करणे आज कठीण. तटाला खिंडार पडले, हे मात्र उघड आहे. ५ डिसेंबरच्या सुमारास किल्ला पडला. सुमारे १५ लाखांचा खजिना व जडजवाहीर विजेत्यांच्या हाती गेले आणि राणी घरातील इतर स्त्रियांसह बंदिवान झाली.

सुटलेल्या त्या दोन कैद्यांपैकी वॉल्टर इलियट याची पुढची हकीकत संग्रहालयात उभे राहून वाचण्यासारखी आहे. कैदेत पडला तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता. पुढे हाच मनुष्य दक्षिणेच्या प्राचीन इतिहासाचा मोठा अभ्यासक झाला. धारवाडच्या भोवतालच्या गावांतून देवळांच्या दारात पडलेल्या शेकडो शिलालेखांच्या नकला त्याने करून घेतल्या आणि १८३७ साली त्यांच्या आधारे चालुक्यांचा इतिहास प्रथमच जगापुढे मांडला. दक्षिणेतील नाण्यांवरचा त्याचा ग्रंथ त्याची दृष्टी गेल्यावर तयार झाला. अमरावतीच्या स्तूपाचे चुनखडी दगडाचे शिल्पखंडही त्यानेच खणून काढले; ते आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांची जागा तेथे असावी काय, हा प्रश्न निराळा आहे व तो मुलांनी जरूर विचारावा. पण हा तरुण १८२४ साली कित्तूरात मारला गेला असता, तर कन्नड मुलखातील किती दगड मुके राहिले असते कोण जाणे.

दगड बोलतात, हे आम्हा गोवेकरांनी तरी विसरू नये. कित्तूरहून अवघ्या काही किलोमीटरांवर देगाव आहे. तेथील कमलनारायणाचे देऊळ गोव्याच्या कदंबांपैकी पेर्माडीदेव राजाची राणी कमलादेवी हिने १२व्या शतकात बांधविले. घरात कोंकणी बोलणाऱ्या आम्हा शिक्षकांना व मुलांना आपल्या राज्यातील एका राणीचे नाव घाटापलीकडे, कानडी मुलखात, दगडात कोरलेले आढळावे, याचा आनंद काही वेगळाच होता. कमलादेवीचे नाव तिच्या स्वतःच्या दानलेखात राहिले. चन्नम्मेचे तसे झाले नाही. तिच्या लढ्याचा जो दिवसवार तपशील आपण वाचतो, त्याचा बराच भाग कंपनीच्या कागदांतून आलेला आहे. म्हणजे ज्यांनी तिला कैद केले त्यांनीच तो लिहून ठेवला. दुसऱ्या बाजूला आहेत खेड्यापाड्यांतली कानडी गाणी. त्यांत राणी बोलते, रडते, गर्जते. पण ती वाणी गाणाऱ्यांची आहे. त्या मुलाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. ज्यांनी किल्ला जिंकला, त्यांनीच आतल्या वस्तूही नेल्या. मग राणीची तलवार कोठून दाखवावी?

राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. कित्तूरहून हे गाव पंचवीस-तीस किलोमीटरांवर आहे. ओळखीच्या मुलखाचा वारा येईल इतके ते जवळ होते, मात्र तेथून परत जाणे तिच्या हाती नव्हते. तेथे तिने चार वर्षांहून अधिक काळ काढला. लढाईच्या एका दिवसावर ग्रंथ लिहिले गेले. या चार वर्षांवर चरित्रकारांना चार ओळींपलीकडे लिहिता येत नाही. ती पूजाअर्चा व धर्मग्रंथांचे श्रवण करीत दिवस घालवी, असे सांगतात. फेब्रुवारी १८२९ मध्ये तेथेच ती निवर्तली. तिची समाधी बैलहोंगल येथे आहे.

तिच्या मागे तिचे भांडण संपले नाही. संगोळ्ळी गावचा रायण्णा हा कित्तूरचा शेतसनदी, म्हणजे चाकरीबद्दल जमीन लावून दिलेला शिपाई होता. १८२४ च्या लढाईत तोही कैद झाला होता व पुढे सुटला होता. वेष पालटून तो बैलहोंगलला राणीस भेटून येई, अशी कथा सांगतात. नव्या राजवटीत त्याच्यासारख्यांच्या जमिनींवर गदा आली. त्याने शेतकरी व शेतसनदी जमवून रानावनांतून लढा मांडला, कचेऱ्या जाळल्या आणि दत्तक मुलगा शिवलिंगप्पा हाच कित्तूरचा खरा देसाई, अशी द्वाही फिरविली. १८३० साली आपल्याच माणसांनी दगा देऊन त्याला पकडून दिले. २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगड येथे त्याला फाशी देण्यात आले.

पुढच्या काळात राणीला मान पुष्कळ मिळाले. १९६१ साली तिच्यावर कन्नड चित्रपट निघाला. १९७७ साली टपाल तिकीट निघाले. ११ सप्टेंबर २००७ रोजी दिल्लीस संसदेच्या आवारात तिचा पुतळा उभा राहिला; त्याचे अनावरण राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. बेळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव आहे, आणि बंगळूरहून मिरजेच्या बाजूस येणाऱ्या आगगाडीलाही आहे. त्या गाडीने कित्येकदा प्रवास केलेल्या आमच्या एका नातलगांना ही राणी कोण, हे ठाऊक नव्हते.

राजवाड्याची एक गोष्ट सांगायची राहिली. छप्पर केव्हाच गेलेले आहे. भिंती, स्नानगृहे, पाण्याची दगडी कुंडे आणि खांबांची जोती तेवढी उरली आहेत. तेथील एका भिंतीत ध्रुवतारा पाहण्यासाठी एक नळी बसविलेली आहे. आमच्या मुलांनी एकामागून एक त्या नळीस डोळा लावला. दिवसाढवळ्या तारा कसा दिसणार? पण कोणी रांग सोडीना. त्या अक्षांशावर ध्रुव क्षितिजापासून १५-१६ अंशच वर असतो, म्हणून नळीचा कल इतका थोडा, हे मी त्यांना तेथे समजावून दिले. माझा तेवढाच एक धडा त्या दिवशी नीट वठला.

दुपारी आम्ही बैलहोंगलला जाऊन समाधीवर फुले वाहिली. गोव्याकडे परतताना बिडीवरून नंदगडला पोहोचलो तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. रायण्णाच्या समाधीवर एक प्रचंड वड आहे. ज्यांना मूल नाही, ती माणसे नवस बोलून त्या वडाला लहान लहान लाकडी पाळणे बांधतात. तलवारीचा प्रश्न विचारणारा मुलगा मान वर करून ते पाळणे मोजू लागला. काळोख दाटत चालला होता, त्यामुळे त्याची गणती पुन्हा पुन्हा चुकत होती. शेवटी बसच्या चालकाने दोनदा भोंगा वाजविला, तेव्हा कुठे तो आत येऊन बसला.